शार्दांचं चित्र समोर ठेवून ऑइल पेंटिंग: काही महिन्यांचा अनुभव

ऑइल पेंटिंगसाठी कुठला क्लास लावू, असं कोणी विचारलं की मी आधी एक जुनं चित्र निवडून त्याची नक्कल करायला सांगते. मी निवडलं ते फ्रेंच चित्रकार शार्दांचं, साधारण १७६१ सालचं. पाण्याने भरलेला काचेचा पेला, कॉफीचं तपकिरी भांडं, पुढ्यात लसणाचे गड्डे, एवढाच ऐवज. मूळ चित्र अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. ते जेमतेम ३२ बाय ४१ सेंटिमीटरचं, त्यामुळे कॅनव्हास जवळपास त्याच मापाचा घेता येतो आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्येही खिडकीशी ईझल मावतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात आपण आधी बाह्यरेषा काढतो आणि मग आत रंग भरतो. इथे ते चालतच नाही. पेल्याला काचेचा असा वेगळा रंगच नाही. मागचा तपकिरी रंगच कुठे जरा गार, कुठे जरा उजळ होऊन आत उतरतो. कड एका जागी ठळक, बोटभर पुढे पार विरलेली. ती कुठे विरते हे शोधताना जे शिकायला मिळतं, ते मला एकाही व्हिडिओने दिलं नाही. लसणाचंही तेच. पांढरा म्हणावा असा रंग अगदी थोड्या जागेत आहे, बाकी सगळे राखाडी आणि पिवळसर टोन.

पहिला थर रॉ अंबर या तपकिरी रंगात टर्पेंटाइन घालून पातळ द्यायचा आणि उजेडाच्या जागा कापडाने पुसून काढायच्या. रॉ अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग वाळायला फार वेळ घेतो, तो खालच्या थरात नको. वरच्या थरांत जवसाच्या तेलाचं प्रमाण वाढवत न्यायचं. उलटं केलं तर पुढे तडे जातात.

नाशिकच्या पावसाळ्यात मात्र सबुरी हवी. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि दमट, गार हवेत हे काम रेंगाळतं. अंबरचा थर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नव्हता, पण लसणावरचा जाड पांढरा आठवडा उलटला तरी ओलाच. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती पाण्यात बुडवून ठेवते.

टॅबलेटपेक्षा चांगला प्रिंट घ्या. स्क्रीन स्वतःच उजेड फेकतो, त्यामुळे गडद भाग आहेत त्याहून उजळ वाटतात. प्रिंट आणि कॅनव्हास एकाच उजेडात असले की तुलना खरी होते. रंगाच्या थराची जाडी मात्र प्रिंटमध्ये कळत नाही, आणि ही या पद्धतीची मोठी उणीव आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून चित्रकार मूळ चित्रासमोर बसून नकला करत आले आहेत. ती सोय आपल्याकडे नाही.

दुसरी उणीव म्हणजे मांडणी शिकता येत नाही. काय ठेवायचं, उजेड कुठून घ्यायचा, हे शार्दांनी आधीच ठरवलेलं असतं. त्यासाठी मी आता भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा तांब्या आणि घरातलाच लसूण मांडून रंगवते. तांब्याच्या पोटात लसणाचा उजेड तांबूस होऊन दिसतो. पूर्वी मी तिथे सरळ नारिंगी लावून मोकळी झाले असते. आता आधी टोन, म्हणजे किती गडद किंवा किती उजळ ते बघते, मग रंग.

सामान थोडंच लागतं: टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, रॉ आणि बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, एखादा लाल आणि थोडा काळा. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूब अंडरपेंटिंगला, म्हणजे खालच्या थराला, चालतील, पण पांढरा तेवढा चांगला घ्या. व्हार्निशची घाई नको. पातळ थरांनाही सहा महिने तरी द्या, जाड रंगाला त्याहून जास्त.