डायलिसिसवाल्यांसाठी प्रोबायोटिक कॅप्सूल आणि फायबर पावडर, आप्पांचा वापर

आप्पांचं डायलिसिस आठवड्यातून 3 वेळा, कुडाळला, दरवेळी 4 तास. पण ते सुईपेक्षा पोटालाच जास्त कंटाळलेले. साफच होत नाही. होणार कसं, पाणी मोजून, शहाळं बंद, केळी बंद, फणसाचं तर नाव काढायचं नाही, भाजी पण उकळून पाणी ओतून, वर जेवताना फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या, त्या आणखीच घट्ट करतात. आणि पोट तुंबलं की रक्तातलं पोटॅशियम पण चढू शकतं, कारण किडनी गेल्यावर शौचावाटे ते नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडत असतं.

जो तो इसबगोल सांगतो, अहो पण त्याला ग्लासभर पाणी लागतं ना! म्हणून नेफ्रोला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारून दोन वस्तू चालू केल्या, प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंची कॅप्सूल आणि ग्वार गमची (गवारीच्या बियांच्या डिंकाची) फायबर पावडर, ती पार्शियली हायड्रोलाइज्ड, म्हणजे अर्धवट तोडलेली वाली, साधा ग्वार गम नाही.

पावडर एकदम मस्त. सकाळच्या वाटीभर पेजेत विरघळते, चव नाही, बुळबुळीत होत नाही. सुरुवातीला गॅस मात्र भयंकर, मशीनवर असताना पोटाची गुडगुड शेजारच्या बेडवरच्या काकांना ऐकू जायची. मग डोस अर्धा केला, हळूहळू वाढवला, आता एक दिवसाआड तरी मोकळं होतं, लॅक्ट्युलोजची, म्हणजे पोट साफ करायच्या औषधाची, बाटली क्वचितच काढतो.

कॅप्सूलचं काय खरं वाटत नाही. फ्रीजमध्ये ठेवायची, आणि आमच्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आत जिवंत जंतू किती उरले देव जाणे. दुकानदार म्हणाला क्रिएटिनिन (किडनीच्या रिपोर्टमधला आकडा) उतरेल, रिपोर्ट जसेच्या तसे. आतड्यातले जंतू इंडॉक्सिल सल्फेटसारख्या विषांचा कच्चा माल बनवतात, ती विषं रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात म्हणून मशीनने नीट निघत नाहीत, हे बरोबर, त्याच जोरावर कॅप्सूल खपतात, पण त्या खाऊन पेशंटला फायदा होतो याचा ठोस पुरावा नाही असं नेफ्रोच म्हणाले. महिन्याचे हजारावर जातात. आप्पा म्हणतात त्यापेक्षा बांगडे आण.

आप्पांच्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) आहे, पण मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर जिवंत जंतूंची कॅप्सूल डॉक्टरला न विचारता अजिबात नको, इन्फेक्शनची भीती. डब्यामागे पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम बघा, ‘नॅचरल’ लिहिलंय म्हणून भुलू नका. आणि पावडरचा छोटा डबाच घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत मोठ्या डब्यात तळाला दगड होतो.