साडेतीनशेचा कन्व्हर्टर आणि तेहतीस हजारांचा गेमिंग पीसी

आधीच सांगून टाकतो, मी अडाणी नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, चाकणला एका कंपनीत इनकमिंग क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर हातात धरून सप्लायरचे पार्ट तपासायचे आणि माप जरा हुकलं की लाल टॅग लावून परत पाठवायचे, याचाच मला पगार मिळतो. आणि तोच मी, आयुष्यातला पहिला गेमिंग पीसी घेताना १२,८०० रुपयांचा कचरा हसत हसत रूमवर घेऊन आलो. कंपनीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मलाच लाल टॅग लावतील.

बजेट ३५,०००. त्यातले २१,००० दिवाळीचा बोनस, बाकीची शिल्लक. मॉनिटर मामेभावाचा जुना, त्याला मागे फक्त व्हीजीएचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्क्रीन वायरचं, निळं सॉकेट. तीन आठवडे रात्री जागून यादी केली. रायझन ५ ५५०० प्रोसेसर ८,२००, बी४५० बोर्ड ५,९००, रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक ३,३००, साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,०००, ब्रॉन्झ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा डबा, २,९००, कॅबिनेट २,३००. झाले २५,६००. उरले ९,४००, त्यातूनच कीबोर्ड-माउस काढायचा. आणि गेम पळवणारं ग्राफिक्स कार्ड, नवं जीटीएक्स १६५०, मला कुणीही बारा हजारांच्या खाली सांगत नव्हतं. ज्यानं कमी पैशात पीसी जोडलाय त्याला हे दुखणं माहीत आहे. सगळी यादी बसते, कार्ड तेवढं बसत नाही. आणि ही गोष्ट काउंटरमागच्या माणसाला आपल्याही आधी माहीत असते.

रविवार, १० नोव्हेंबर २०२४. शहरातल्या एका कॉम्प्युटर मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या बाजूचा गाळा. नाव लिहीत नाही, लिहायची फार इच्छा आहे. यादी बघून तो म्हणाला, ‘‘अभ्यास करून आलाय भाऊ तुम्ही. नाहीतर लोक नुसतं आय-सेव्हन द्या म्हणतात, आम्ही बारा-तेरा वर्षं जुना आय-सेव्हन देतो, खूश होऊन जातात.’’ मी पण हसलो. आता कळतं, बाकीच्या गिऱ्हाइकांची फसवणूक तो मला सांगत होता ती मला आपल्या बाजूला ओढायला. शहाणा म्हटलं की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो. मी थांबलो.

मग कार्डाचा विषय. ‘‘१६५० च्या मागे कशाला लागता? १०५० टीआय देतो, ४ जीबी, सील पॅक, इम्पोर्टचा माल. ६,९०० लावतो.’’ १०५० टीआय २०१६ ला आलेलं कार्ड. २०२४ मध्ये ते सील पॅक कुठून येणार, हे मी मनात विचारलं आणि मनातच उत्तर दिलं की जुना स्टॉक पडून असेल. मूर्खपणा होता, पण अगदीच निराधार नव्हता. दुकानांत जुना माल पडलेला असतोच की.

पक्कं बिल मागितलं होतं, हे मुद्दाम लिहितोय. म्हणाला, ‘‘देतो ना, १८ टक्के वर लागतील.’’ असेंब्लीचे ५०० धरून एकूण ३३,०००, त्यावर ५,९४० जीएसटी. ३५ हजारांचा माणूस ५,९४० कुठून आणणार? ‘एस्टिमेट’ छापलेल्या कागदावर त्यानं पेनानं आकडे लिहून दिले. वर दुकानाचा जीएसटी नंबर नाही, खाली सही नाही. २०,००० यूपीआयनं दिले, स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुठल्यातरी बाईचं नाव आलं. ‘‘मिसेसचं खातं आहे.’’ बरं. १३,००० रोख. आणि हे सगळं पार्ट जोडायच्या आधी! इकडं आमच्या कंपनीत तपासणी झाल्याशिवाय सप्लायरचं एक रुपयाचं बिल पुढं सरकत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे रात्री दोनला जाग येते.

नव्या कार्डांना व्हीजीए नसतं हे मला माहीत होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, मी स्वतः वाचलं होतं. १०५० टीआय ज्या पिढीचं आहे त्या पास्कल पिढीपासून एनव्हीडियानं, म्हणजे कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीनं, चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नलच काढून टाकला. म्हणून तर आदल्या दिवशी मी ३५० रुपयांचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर विकत घेतला होता. तो माझ्या सॅकमध्ये होता. पावतीसकट. जोडणी झाली, दुकानाच्या जुनाट मॉनिटरची निळी वायर त्यानं उचलली आणि सरळ कार्डाच्या मागे खोचली, दोन्ही स्क्रू आवळले. मी म्हणालो, ‘‘अरे, याला व्हीजीए आहे?’’ तो म्हणाला, ‘‘आहे ना. कन्व्हर्टरची गरजच नाही, साडेतीनशे वाचले तुमचे.’’

आणि मला आनंद झाला. खरंच झाला. कन्व्हर्टर परत करता येईल का, असा विचार करत मी उभा होतो. जे पोर्ट त्या कार्डावर असूच शकत नाही ते डोळ्यांसमोर होतं, ते असू शकत नाही हे मला पाठ होतं, आणि मी हिशोब करत होतो ३५० रुपयांचा.

बाकीच्या खुणा काय, नंतर सगळ्याच दिसतात. बऱ्याच १०५० टीआयना वेगळी पॉवर वायर लागत नाही, बोर्डाच्या स्लॉटमधून मिळते तेवढी पुरते. याला ६ पिनची लागत होती. ‘‘ओव्हरक्लॉक एडिशन आहे.’’ एसएमपीएसला ती वायरच नव्हती, म्हणून त्यानं चार पिनवाल्या मोलेक्सला जोड लावली. ब्रॉन्झच्या एसएमपीएसला ती वायर असते, म्हणजे आतला एसएमपीएस ब्रॉन्झचा नव्हताच. खोकं ब्रॉन्झचं माझ्या हातात, आत हलका पत्र्याचा लोकल डबा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्यानं स्वतःच्या पेन ड्राइव्हमधून टाकला, ३९१.३५ नंबरचा, आणि दोनदा बजावलं, ‘‘हाच स्टेबल आहे, अपडेट करू नका.’’ विंडोजमध्ये नाव आलं जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४०९६ एमबी. मी त्या स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला.

रूमवर जीटीए फाइव्ह टाकला. २०१५ ला पीसीवर आलेला गेम, त्याच्या शिफारशीत जीटीएक्स ६६० लिहिलंय, १०५० टीआयनं तो आरामात चालवायला हवा. माझ्याकडे गाडी रस्त्यानं जाण्याऐवजी फोटो बदलत होते. सेटिंग थोडं वाढवलं की रंगीत ठिपके आणि काळा स्क्रीन. विंडोजचा दोष असेल, रॅमचा असेल, माझाच असेल, असे चार दिवस गेले. शेवटी त्यानं नको सांगितलेलं केलं, नवा ड्रायव्हर टाकायला गेलो. इन्स्टॉलर म्हणाला, या ड्रायव्हरला चालणारं कार्डच सापडत नाही. मग जीपीयू-झेड उतरवलं, कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’. इतकं स्वच्छ. खाली चिप जीएफ१०६, म्हणजे २०१० चं जीटीएस ४५०, कार्डावरच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख साठवलेल्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, नाव आणि मेमरी खोटी भरलेली. अस्सल कार्डात ७६८ कोअर, यात १९२. मेमरी ४ जीबी नव्हतीच, १ जीबी होती, म्हणून ती भरली की स्क्रीन मरत होता. तसंच क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी बघितली तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, ९,४१२. नवीन म्हणून घेतलेली वस्तू वर्षाहून जास्त काळ कुठंतरी अखंड चालून आलेली.

हिशोब: कार्ड ६,९००, एसएमपीएस २,९००, एसएसडी ३,०००. बारा हजार आठशे. आणि ही जखम वेगळीच की प्रोसेसर ५६००जी घेतला असता तर त्याच्या पोटातलं ग्राफिक्ससुद्धा या कार्डापेक्षा कितीतरी जोरात पळालं असतं, आणि कार्ड सहा महिन्यांनी घेता आलं असतं. ५५०० ला आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड काढून ठेवलं की स्क्रीनच नाही. म्हणजे त्याच खोट्या कार्डावर बसायचं.

गाळ्यावर गेलो तर तो ओळखच देईना. ‘‘बिल दाखवा.’’ एस्टिमेट दाखवलं. ‘‘हे आमचं कशावरून?’’ कार्ड दाखवलं. ‘‘बदलून आणलं असेल तुम्ही.’’ शेजारच्या गाळ्यातले दोघं येऊन उभे राहिले. मी निघालो. हो, निघालो. एकटा होतो.

चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, ‘‘गेम खेळायला तेहतीस हजार? वडील काय करतात?’’ वडिलांचा काय संबंध? दुसरे साहेब म्हणाले, मार्केटचा रस्ता ओलांडला की दुसरी हद्द. त्या हद्दीत गेलो, तिथं निवडणुकीचा बंदोबस्त, २० तारखेनंतर या. २० नंतर गेलो, तर निकाल आहे, २३ नंतर या. २५ ला गेलो. आता तरी? तेव्हा समजावण्यात आलं की हा दिवाणी मामला आहे. मी म्हणालो, साहेब, जुनं कार्ड नवीन नावानं विकणं म्हणजे ४२० नाही का? तर हसले. ‘‘४२० गेलं रे, आता ३१८ आहे.’’ बरोबर आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. कलमाचा नवा नंबर पाठ आहे, अर्जावर पोचेचा शिक्का मात्र मारता येत नाही! चार फेऱ्या, चार हाफ डे, शिक्का नाही. हद्दीचा मुद्दाही खोटा होता, नव्या कायद्यांत दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. तिथं बसलेल्यांना ते आधीपासून माहीत असायला हवं की नको?

बँकेत त्याहून मजा. ‘‘पैसे तुम्हीच पाठवलेत, व्यवहार यशस्वी आहे.’’ यशस्वी! मी अर्ज लिहून दिला, तो त्यांनी ट्रेमध्ये ठेवला. दुसऱ्या वेळी गेलो तर ट्रेच नव्हता.

लक्षात ठेवा, १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर ऑनलाइन पैसे गेले असतील तर, आणि तोही त्याच क्षणी फिरवायचा. दुकानातल्या वस्तूसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तिथं जाणार आहे, पण हातात आहे काय? सहीशिवायचा कागद आणि एका अनोळखी बाईच्या खात्यावरचे २०,०००. १३,००० रोख दिल्याचा पुरावा माझं तोंड. त्या ५,९४० मध्ये काय विकत मिळत होतं ते आता कळतंय. आणि खोक्यावर एमआरपी छापलेली असते ती सगळे कर धरून असते. ‘वर जीएसटी’ म्हणणाऱ्याला खोकं उलटं करून दाखवा.

जीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर घेऊन जा, दुकानातच चालवा, त्यानं तोंड वाकडं केलं की उठा. बाकीचे पैसे त्यानंतर. एसएसडीचे तास तिथंच बघा. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि पार्टवरचा नंबर जुळवल्याशिवाय कॅबिनेटचं झाकण लावू देऊ नका, एसएमपीएसचा तर नक्कीच. यूपीआयवर दुसऱ्याचं नाव आलं की रक्कम टाकायचीच नाही, मग ती मिसेस असो नाहीतर सासूबाई. आणि सोबत कुणाला तरी न्या, नुसतं उभं राहायला.

सध्या रूममेटच्या ओळखीतून एक वापरलेलं आरएक्स ५७० कार्ड बघतोय, ४,००० सांगतोय. मी त्याला म्हटलं, आधी लावून दाखव, जीपीयू-झेड मी आणतो. त्या कार्डाला व्हीजीए नाही. कन्व्हर्टर अजून पाकिटातच आहे, त्याचं सील या रविवारी फुटेल.