एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते), आमच्या जिल्ह्याचा सरकारी दवाखाना : पाचपैकी चार तारे

माझा दोस्त 2006 पासून या केंद्राच्या गोळ्यांवर होता. मागच्या पोळ्यानंतर गेला, हृदयविकारानं. गावात अजून दुसरंच बोलतात, म्हणून हे आधी सांगितलं.

तेव्हा सीडी4, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सहसा सुरू होत नसत. त्याचा शंभराच्याही आत होता. मोटारसायकलवर मधात बसवून, मागून त्याच्या भावानं धरून, असा नेला होता त्याला. सुरुवातीच्या औषधात स्टॅव्ह्युडिन होतं. जीव वाचला, पण गाल बसले, तळपायांची आग व्हायची. उन्हाळ्यात पाय ओल्या पोत्यावर ठेवून झोपायचा. पुढे औषध बदललं, शेवटी डोल्युटेग्रॅव्हिरवाली एकच गोळी. अंग भरलं, कापसाचं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेऊ लागला. रात्री आठची गोळी म्हणजे आठचीच, लग्नाच्या पंगतीतूनही उठायचा.

समुपदेशक बाईंना पैकीच्या पैकी. डबीतल्या उरलेल्या गोळ्या कागदावर ओतून मोजायच्या, हिशेब जुळला नाही तर न रागावता कारण विचारायच्या. सोयाबीनच्या काढणीत तारीख टळली की फोन यायचा, "भाऊ, काल यायचं होतं ना? तब्येत बरी आहे?" तो मला म्हणे, "बाई इचारते बाप्पा, घरचं कोणी इचारत नाई."

एक तारा कापला तो जागेमुळे. बाकडी उघड्या व्हरांड्यात, समोरून अख्ख्या ओपीडीची ये-जा, वर ठळक अक्षरांत पाटी. गावचं कोणी दिसलं की हा दुपट्ट्यानं तोंड बांधून घ्यायचा. एचआयव्हीच्या पेशंटला एसटीत सवलत आहे, ती त्यानं कधी घेतली नाही. कंडक्टर शेजारच्या गावचा होता. कोणाचा आजार परस्पर उघड करायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. मग त्या बाकड्यांना एक आडोसा करा, पाटीवर नुसता खोली नंबर लिहा. जे लाजेपायी येत नाहीत ते येतील.

कोणाला नुकतंच कळलं असेल तर थांबू नका. 2017 पासून सीडी4 कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करतात, फुकट. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे लागत नाहीत. केंद्रावर सोमवारी फार गर्दी असते. गुरुवारी सकाळी जा, बाईंना बोलायला वेळ मिळतो.