कूलर चालू असेल तर कोणता? आवाजावर उभे असलेले दोन भयपट

आतेभावाच्या मुलाने परवा फोनवर विचारलं, "आत्या, शनिवारी रात्री आम्ही चौघं मित्र जमून राहिलो. 'ब्लेअर विच' लावू की 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'?" मी उलट विचारलं, "कूलर चालू राहील ना?" तो म्हणाला, "मे महिना आहे आत्या, बंद कसा ठेवणार?"

माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो. दोन्ही चित्रपटांत भूत दिसत नाही, ऐकू येतं. पार्श्वसंगीत दोन्हींत जवळजवळ नाहीच. पैसा नसताना भीती निर्माण करण्याचा सगळा भार आवाजावर टाकलेला आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घरातला सर्वांत मोठा आवाज कूलरचा असतो. पंख्याची ती सलग घरघर खालच्या पट्टीतली. असा आवाज आपल्या पट्टीतले आणि थोडे वरचेही हलके आवाज झाकून टाकतो.

याचा सर्वाधिक फटका 'पॅरानॉर्मल'ला बसतो. ओरेन पेलीने तो 2006 मध्ये सॅन दिएगोतल्या स्वतःच्याच घरात सात दिवसांत चित्रित केला. खर्च साधारण 15 हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे सातेक लाख रुपये. स्टँडवर ठेवलेला कॅमेरा, झोपलेलं जोडपं, कोपऱ्यात पळणारी वेळ. मग एक दबका खर्ज सुरू होतो, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी घडतं. दोन-तीन रात्रींत आपला कान हे शिकतो. त्यानंतर पडद्यावर नुसतं उघडं दार असलं, तरी खर्ज लागला की पोटात गोळा येतो. इतक्या थोडक्या साधनांत प्रेक्षकाला असं तयार करणं मला फार मोठं काम वाटतं.

पण तो खर्जच ऐकू आला नाही तर उरतं काय? मी पहिल्यांदा हा चित्रपट मे महिन्यातच, टीव्हीच्या स्पीकरवर, कूलरसमोर बसून पाहिला आणि कंटाळले. डिसेंबरात पुन्हा लावला. पंखासुद्धा बंद, गल्ली निजलेली, आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, जमिनीवर ठेवलेला. तेव्हा कळलं की पहिल्या वेळी मी अर्धा चित्रपट पाहिलाच नव्हता. मोबाईलवर तर तो मुळीच पाहू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही.

1999 चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' कूलरपुढे बराच टिकतो. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी तीन कलाकारांना मेरीलँडच्या जंगलात कॅमेरे देऊन आठ दिवस फिरवलं. रात्री तंबूबाहेर फांद्या मोडल्या, लहान मुलांचे आवाज टेपवर लावले. आत झोपलेल्यांना याची आधी कल्पना नव्हती. काटकी मोडल्याचा कडकन आवाज, दूरचं मूल, कुणाची तरी हाक हे सगळे वरच्या पट्टीतले, तुटक आवाज आहेत. घरघरीतूनही ते कानाशी पोचतात. इथे खर्जाची वाट पाहावी लागत नाही.

त्याची अडचण वेगळी आहे. दिवसाच्या दृश्यांत तिघं सारखे भांडतात, ओरडतात. आपण आवाज कमी करतो आणि रात्र झाली की वाढवायचं विसरतो. रिमोट हातातच ठेवा. कॅमेरा फार हलतो. ज्यांना बसमध्ये मळमळतं त्यांनी मागे बसावं.

तुमची भीती कुठे राहते, हेही पाहा. 'पॅरानॉर्मल'मधली जिन्यावरची पावलं भिववतात, कारण त्या घरात तिसरं कुणी नाही. आमच्यासारख्या सात माणसांच्या घरात रात्री पावलं वाजली तर आबा उठले असतील, एवढंच मनात येतं. एकट्याने फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मात्र तो चित्रपट आठवडाभर सोडणार नाही. उलट पेंचच्या जंगलाजवळच्या एखाद्या गावात रात्र काढलेल्या माणसाला रातकिडे एकाएकी थांबले की काय वाटतं, हे ठाऊक असतं. त्याला 'ब्लेअर विच' अंगावर येईल.

लांबी दोन्हींची दीड तासाच्या आत, त्यामुळे तो प्रश्न नाही. कलाकृती म्हणून माझं झुकतं माप 'पॅरानॉर्मल'ला आहे, पण चौघं जण, टीव्हीचा स्पीकर आणि चालू कूलर असताना तो लावणं म्हणजे तो वाया घालवणं.

म्हणून भाच्याला सांगितलं: शनिवारी 'ब्लेअर विच' लावा, अकरानंतर, कूलर कमी स्पीडवर आणि खिडकीकडे तोंड करून. 'पॅरानॉर्मल' राखून ठेव. डिसेंबरात थंडी पडली की माझ्याकडे ये, सबवूफर मी काढून ठेवते.