हरभऱ्यासाठी कामगंध सापळा: पैसे वसूल, पण नीट लावला तरच

मराठवाड्याच्या काळ्या रानात हरभरा कळीला आला की घाटेअळी आलीच. नरसाळ्याचा कामगंध सापळा तेव्हा घ्यावाच. मात्र तो अळी मारत नाही, हे आधी समजून घ्या. सापळ्यात ल्यूर, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाची गोळी असते; तिच्या वासाला या अळीचे फक्त नर पतंग येतात. म्हणजे कीड किती वाढली हे सांगणारा तो पहारेकरी.

हेक्टरी 5 सापळे, पिकाच्या शेंड्यावर फूटभर. पीक वाढेल तसे वर सरकवायचे. सलग 2-3 दिवस प्रत्येक सापळ्यात रोज 8 ते 10 पतंग दिसले तरच फवारणीचा विचार करा. त्याआधी पंप पाठीला लावला तर अळीवर जगणारे मित्रकीटकच आधी मरतात.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. घाटेअळीचा हेलील्यूर आणि तंबाखूवरच्या अळीचा स्पोडोल्यूर वेगळा, दुकानातच पाकिटावर वाचून घ्या. तंबाखू मळलेल्या हातानं ल्यूरला शिवू नका. सापळ्याच्या पिशवीचं खालचं तोंड सैल राहिलं की पतंग निसटतात अन् आकडा खोटा येतो. 3 आठवड्यांनी ल्यूर बदला.

सोबत पक्षीथांबे हवेतच, आणि ते विकत घेऊ नका. घरच्या तुराट्या इंग्रजी टी आकारात बांधून हेक्टरी 50 रोवा. कोतवाल त्यावर बसतो, झेप घेऊन अळी उचलतो, परत तिथंच येतो. साळुंक्या तर सरीसरीनं चालत वेचतात. थांबा पिकापेक्षा फूटभर उंच हवा. झाकला गेला तर पाखरू बसत नाही.