हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए: काही हजार मैलांनंतरचा अनुभव, आणि कुठला पार्ट ओरिजिनल घ्यावा

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली फौजी मोटरसायकल, 45 क्युबिक इंचांची, म्हणजे साधारण 740 सीसीची डब्ल्यूएलए. मी घेतली तेव्हा फ्रेमवर इंजिन नुसतं टेकवलेलं होतं आणि बाकीचा संसार खोक्यांमध्ये. ती उभी करून आता काही हजार मैल झालेत. कडाक्याची थंडी सोडली तर जवळजवळ दर आठवड्याला ती बाहेर पडते. रंग नवा असताना सगळंच छान वाटतं, म्हणून मुद्दाम थांबून, पहिली गळती, पहिला बिघाड आणि पहिला उन्हाळा पार पडल्यावर लिहायला बसलेय.

माझं मत आधीच सांगते. या गाडीचा अनुभव निम्मा रस्त्यावर ठरतो आणि निम्मा पार्टच्या बाजारात. इंजिन-गिअरबॉक्समधला ओतीव किंवा फिरणारा पार्ट शक्यतो ओरिजिनल घ्यावा, थोडा झिजलेला असला तरी. रबर, वायर, गॅस्केट, ब्रेकचं लायनिंग, टायर-ट्यूब नवंकोरंच घ्यावं. पत्र्यावर पैसे सगळ्यात शेवटी घालावेत. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: आधी टाकी, मडगार्ड, डब्बे, बंदुकीचं म्यान, आणि इंजिनापर्यंत पोहोचेतो खिसा रिकामा.

घेताना सगळ्यात आधी क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं घर, बघा. 1970 च्या आधीच्या हार्लेला फ्रेमवर नंबर नसायचा, इंजिनवरचा नंबर हीच गाडीची ओळख. म्हणून तो नंबर ज्या सपाट जागेवर ठोकलाय ती जागा घासलेली, भरलेली दिसते का, अक्षरांचे वळण जुळते का, हे भिंगाखाली बघायचं. युद्धातल्या बहुतेक डब्ल्यूएलएचे नंबर 42 पासून सुरू होतात, गाडी 1944 ची असली तरी. त्यामुळे कुणी फक्त त्या 42 वर ‘बेचाळीसचंच मॉडेल’ म्हणून जास्त भाव मागत असेल तर मान डोलवू नका. मग गाडीखाली आडवं व्हायचं. क्रँककेसचे दोन्ही अर्धे कारखान्यात जोडीनं मशिन व्हायचे आणि दोघांच्या पोटाला एकच जुळता नंबर असायचा. तो जुळला तर निम्मी काळजी मिटली. नाही जुळला तर दोन वेगळ्या इंजिनांचे अर्धे एकत्र बांधलेत आणि बेअरिंगची भोकं एका रेषेत आहेत की नाही हे मापूनच ठरवावं लागणार. माझ्या गाडीचे जुळले, म्हणूनच बाकी खोक्यांत काय आहे हे न उघडता मी सौदा केला.

इंजिनमध्ये सर्वांत जास्त वेळ गेला तो फ्लायव्हील सरळ करण्यात, आणि त्या वेळेचं मोल मला आजही दर राइडला मिळतं. दोन जाड फ्लायव्हील, मध्ये एक क्रँकपिन, तिच्यावर दोन्ही सिलिंडरचे रॉड, एक काट्यासारखा आणि दुसरा त्याच्या फटीत बसणारा. पिनची टोकं निमुळती असतात, नट आवळले की ती चाकात घट्ट बसतात, पण दोन्ही चाकं एका रेषेत येतीलच असं नाही. सगळा जोड दोन सेंटरमध्ये धरायचा, दोन्ही शाफ्टवर डायल गेज (सूक्ष्म फरक काट्यानं दाखवणारं माप) लावायचा आणि हातानं सावकाश फिरवायचं. काटा जिथे वर चढतो तिथे खडूची खूण, मग तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका, पुन्हा फिरवणं. ठोका जोरात बसला तर काटा पलीकडच्या बाजूला जातो. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत काटा स्थिर झाला की थांबायचं. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या लेथवाल्या काकांनी माझ्या हातातला हातोडा एकदाही घेतला नाही. ‘ठोक्याच्या आवाजावरून कळेल,’ एवढंच म्हणाले. खरंच कळायला लागतं: पिन सरकते तेव्हा आवाज बोदा येतो, नाही सरकत तेव्हा टणक.

त्या पिनवरचे रोलर अगदी सूक्ष्म फरकाच्या ओव्हरसाइजमध्ये मिळतात, पिस्टन 0.010 इंचाच्या टप्प्यांनी. म्हणजे झिजलेला पार्ट फेकायचा नाही, मापून पुढच्या साइजचा जोडीदार द्यायचा, हे कारखान्यानंच गृहीत धरलं होतं. ओरिजिनल रॉड, ओरिजिनल कॅम, ओरिजिनल गिअर घ्या असं मी म्हणते ते यासाठी. ते दुरुस्त होण्यासाठीच बनवलेत, आणि इतकी वर्षं टिकलेलं पोलाद कसं आहे हे आपोआप सिद्ध झालेलं असतं.

नव्या नकलेबद्दल माझी तक्रार मोजमापाची आहे. एका विक्रेत्यानं जुन्या साठ्यातला न वापरलेला माल म्हणून व्हॉल्व्ह गाइड विकले. तेलकट कागद, पिवळी पडलेली चिठ्ठी, सगळं होतं. मायक्रोमीटर लावला तर चारपैकी दोन मापात बसत नव्हते आणि कडा आजच्या मशिनच्या होत्या. पैसे परत मिळाले, पण तेव्हापासून पाकीट कितीही जुनं दिसो, पार्ट मापल्याशिवाय इंजिनजवळ जात नाही. सगळ्याच नकला वाईट असतात असं मात्र नाही. पिस्टन, रिंग, क्लचच्या प्लेटा, टायमिंगचे पॉइंट (ठिणगीचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) नवे मिळतात ते चांगले मिळतात आणि मी तेच वापरते.

पेचांचं वेगळं सांगायलाच हवं. जुन्या हार्लेत पाव इंची पेच पुष्कळ ठिकाणी इंचाला 24 आट्यांचे आहेत. बाजारात सहज मिळतात ते 20 किंवा 28 आट्यांचे. 28 चा पेच पहिले एक-दोन आटे जातो, मग अडतो, आणि माणूस पाना लावून जोर करतो. केस ॲल्युमिनियमची, आटे जागेवरच मरतात. म्हणून थ्रेड गेज आणि जुन्या पेचांचा डबा या दोन गोष्टी कुठल्याही चकचकीत हत्यारापेक्षा कामाच्या. तो डबा भरतो जत्रेत.

अँटिक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिकाचे मेळावे मी जत्राच म्हणते. पेनसिल्व्हेनियातलं ओली वसंतात, आयोवातलं डॅव्हनपोर्ट सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीच्या सुमारास. गवतावर ताडपत्र्या, त्यावर गंजलेले गिअर, फुटके कार्ब्युरेटर, आणि प्रत्येक ढिगामागे खुर्ची टाकून बसलेला एक जाणकार. इथे उपयोगी पडतं ते पार्ट नंबरचं ज्ञान. जुन्या हार्लेच्या पार्ट नंबरच्या शेवटी तो पार्ट पहिल्यांदा कधी आला ते साल असतं. शेवटी 37 असेल तर तो 37 पासून पुढे चालत आला, आणि माझ्या गाडीलाही लागू शकतो. शेवटी 48 असेल तर युद्धातल्या गाडीवर तो मुळात नव्हताच. बसेल कदाचित, पण ओरिजिनल म्हणून त्याचे पैसे मोजायचे नाहीत.

दुसरी गोष्ट नव्यानं येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. हेच 45 चं इंजिन सर्व्ही-कार या तीनचाकीत 1973 पर्यंत चाललं. डब्ल्यूएलए म्हटलं की विक्रेत्याचा भाव चढतो, पण सर्व्ही-कारच्या ढिगात तेच बरेच पार्ट पडलेले असतात आणि तिकडे गर्दी नसते. माझा ऑइल पंप आणि टायमिंगचे गिअर तिथलेच. बदल्यात मी एक जादा सिलिंडर आणि जोडभर रॉड दिले. पैशांपेक्षा अदलाबदल मला जास्त आवडते, कारण समोरचा माणूस काय बांधतोय ते कळतं आणि पुढच्या वर्षी तो आपल्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवतो. फक्त एक पाळावं: पार्टला तडा असेल, वेल्डिंग असेल, तर विचारायच्या आधी आपण सांगावं. या छोट्याशा दुनियेत नाव एकदा खराब झालं की झालं.

आता चालवण्याबद्दल. क्लच डाव्या पायाला, गिअर डाव्या हाताला टाकीजवळ, पुढचा ब्रेकही डाव्याच हाताला, मागचा उजव्या पायाला. उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर, डाव्या मुठीत टायमिंग, म्हणजे ठिणगी लवकर पडायची की उशिरा ते. क्लचचं पेडल स्प्रिंगनं परत येत नाही, ठेवाल तिथे राहतं. टाचेनं दाबून क्लच सोडवला की डावा पाय मोकळा, खाली टेकवता येतो, म्हणून सिग्नलला ही पद्धत खरं तर सोयीची आहे. चढावर थांबताना उजवा पाय ब्रेकवर ठेवायची सवय लागेपर्यंत जपून. ॲक्सिलरेटरही आपोआप मिटत नाही. आजच्या गाडीवरून येणाऱ्यानं हे एक वाक्य दोनदा वाचावं, कारण घाबरून हात सोडला तर गाडी तशीच पळत राहते.

जमलं की मात्र याच्यासारखं सुख नाही. चढ लागला, इंजिन जड झालं, की डावी मूठ जरा फिरवून टायमिंग उतरवायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा, ठोके मोकळे होतात. सपाटीला पुन्हा चढवायचं. 45 अंशांच्या व्ही इंजिनात दोन स्फोटांमधलं अंतर 315 आणि 405 अंश असं असमान, त्यामुळे संथ चालीत तिचा ताल लंगडी घालणाऱ्या पोरासारखा पडतो. माझ्या कानाला तो इतका ओळखीचा झालाय की पॉइंटचं अंतर 0.022 इंचावरून सरकलं तर आधी तालात कळतं, मग फीलर गेजमध्ये दिसतं.

वेग ताशी 45 ते 50 मैल, तिथे ती दिवसभर चालते. 65 च्या आसपास तिची हद्द, आणि तिथे तिला रेटू नये. साइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या, इंजिनात एक्झॉस्टची वाट सिलिंडरच्या अंगातूनच जाते, एक बाजू जास्त तापते, त्यात मागच्या सिलिंडरला वारा कमी. उन्हाळ्यात लांबच्या घाटावर मी मध्ये थांबते. ब्रेक तारा-दांड्यांचे, आजच्या रहदारीत अपुरे, पुढे भरपूर जागा ठेवून चालवायचं एवढाच उपाय. मागे सस्पेन्शन नाही, पण सीटच्या दांड्याखाली फ्रेमच्या नळीत स्प्रिंग आहे आणि ती वजनाप्रमाणे नीट लावली तर कंबर तक्रार करत नाही.

त्रास दोन. बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या चेंडू-व्हॉल्व्हमधून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि किक मारल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनची हवा सोडणाऱ्या वाटेनं, बाहेर फेकलं जातं. व्हॉल्व्हची बैठक घासून, नवा चेंडू आणि स्प्रिंग टाकल्यावर आठवडाभर उभी राहिली तरी जमीन कोरडी राहते. दुसरा त्रास सहा व्होल्टचा. दोष व्होल्टेजचा नाही, वायरिंगचा असतो. तेवढ्याच उजेडाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, तिथे बारीक वायर आणि रंगावर बसवलेलं अर्थिंग चालत नाही. जाड वायर, खरवडून चकचकीत केलेली अर्थची जागा, आणि डायनामोचा तिसरा ब्रश सरकवून चार्जिंग नीट लावलं, की दिवा रस्ता दाखवतो. लोक हे न करता बारा व्होल्ट करून टाकतात, ते मला पटत नाही.

रंग अजून अर्धवट आहे. टाकीच्या एका बाजूला जुन्या फौजी हिरव्याचे थर दिसतात आणि ते मी तसेच ठेवणार आहे. सध्या शोध आहे तो ओरिजिनल ऑइल-बाथ (तेलात धूळ पकडणाऱ्या) एअर क्लीनरचा, आतल्या जाळीसकट, पत्रा चेपलेला असला तरी चालेल. बदल्यात द्यायला सर्व्ही-कारच्या गिअरबॉक्सची एक धड केस आहे, माउंटिंगच्या एका कानाला जुनं वेल्डिंग आहे, बाकी आटे सगळे शाबूत.