आई-बाबा सहा महिने अमेरिकेत: तिथे बँक खातं उघडावं की इथूनच कार्ड न्यावं?

व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांच्या घरी हा विषय हमखास निघतो. बाबा म्हणतात, "तिकडे आमच्या नावाचं एक खातं उघडून ठेव." मुलगी म्हणते, "कशाला बाबा, माझं कार्ड आहे ना." बाबांचं म्हणणं मुलांना पटकन कळत नाही. आयुष्यभर स्वतःच्या पगारावर आणि नंतर पेन्शनवर घर चालवलेल्या माणसाला नातवाला आइस्क्रीम घेऊन देतानाही दुसऱ्याच्या पाकिटाकडे बघावं लागलं, तर ते सहा महिने जड जातात. त्यामुळे "माझं कार्ड आहे ना" एवढ्यावर हा विषय संपवू नये असं मला मनापासून वाटतं.

मात्र खातं हाच त्यावरचा उपाय आहे का? आपल्यापुढे चार वाटा आहेत: तिथल्या बँकेत खातं, इथून डॉलर भरून नेलेलं फॉरेक्स कार्ड, आपलं नेहमीचं भारतीय कार्ड, आणि मुलांच्या क्रेडिट कार्डावर आपल्या नावाचं जादा कार्ड. माझं मत आधीच सांगते. एका फेरीसाठी खातं उघडू नका. उघडायला अवघड आहे म्हणून नव्हे, परत आल्यावर ते सांभाळणं अवघड आहे म्हणून.

उघडता येतं का?

येतं. "सोशल सिक्युरिटी नंबर (तिथे राहून काम करणाऱ्यांना सरकार देतं तो क्रमांक) नाही म्हणजे खातं नाही" हे सरसकट खरं नाही. २००१ च्या पेट्रियट कायद्याखालच्या नियमांनुसार बँकेनं ग्राहकाचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक घ्यायचा असतो. परदेशी माणसाच्या बाबतीत हा क्रमांक पासपोर्टचा चालतो. कायद्यानं दार उघडंच ठेवलंय, पण आत कुणाला घ्यायचं हे प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवते. ऑनलाइन अर्जात बहुतेक ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यापाशी गाडी अडते, म्हणून शाखेत जावं लागतं. एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन उत्तरं मिळतात, तेव्हा आधी फोन करून "पासपोर्टवर, व्हिजिटर व्हिसावर खातं उघडता का?" असं स्पष्ट विचारून घ्यावं.

टेबलावर काय मागतात? पासपोर्ट आणि त्यातला व्हिसा, आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची, प्रिंट, दुसरं एखादं ओळखपत्र, आणि पत्त्याचा पुरावा. अडचण होते ती पत्त्यापाशी. विजेचं बिल मुलाच्या नावावर, घराचा करारही त्याच्याच. काही बँका भारतातल्या पत्त्याचं बँक स्टेटमेंट चालवून घेतात, काही नाही. त्याशिवाय डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म भरून "मी अमेरिकेचा करदाता नाही" असं लिहून द्यायचं असतं. त्यात कायमचा पत्ता भारतातला द्यायचा आणि करक्रमांक म्हणून पॅन. हा फॉर्म नीट भरला की खात्यातल्या व्याजावर अमेरिका आपल्याकडून कर घेत नाही. ठेवीला विम्याचं संरक्षणही नागरिकांइतकंच, म्हणजे एका बँकेत एका व्यक्तीमागे २,५०,००० डॉलरपर्यंत.

इथवर सगळं छान वाटतं. खातं उघडलं, कार्ड पोस्टानं घरी आलं, नाव आपलंच.

परतीचं विमान सुटल्यानंतर

खरी तुलना इथे सुरू होते, आणि याबद्दल शाखेतला माणूस काहीच सांगत नाही, कारण तो त्याचा प्रश्नच नसतो.

पहिली अडचण फोनची. बँकेच्या ॲपमध्ये शिरायला लागणारा कोड अमेरिकेतल्या मोबाइल नंबरवर येतो. तिथलं प्रीपेड सिम आपण निघताना सोडून देतो. मग नागपुरात बसून शिल्लक बघायलाही जमत नाही, आणि नंबर बदलायचा तर बँक शाखेत बोलावते. त्यातच अनेक चेकिंग (रोजच्या व्यवहाराच्या) खात्यांना किमान शिलकेची अट असते. ती मोडली की दरमहा शुल्क कापलं जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. काही वर्षं खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पैसे बेवारस समजून राज्य सरकारकडे जमा होतात. परत मागता येतात, पण तो व्याप मुलांच्या गळ्यात.

दुसरी अडचण आयकराची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भारताचा रहिवासी असलेल्या माणसाचं परदेशात खातं असेल, किंवा परदेशातल्या कुठल्याही खात्यावर सहीचा अधिकार असेल, तर त्याला सोपा आयटीआर-१, म्हणजे 'सहज', भरता येत नाही. पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढंच उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना मग आयटीआर-२ भरून त्यातल्या शेड्युल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, त्या खात्याचा तपशील द्यावा लागतो: बँकेचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, वर्षातली कमाल शिल्लक, व्याज. हे सगळं कॅलेंडर वर्षाच्या हिशेबानं. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी विवरणपत्र भरणं टळत नाही. खात्यात दोनशे डॉलर असले तरीही नाही.

माहिती दडवल्याबद्दल काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. पण दंड गेला म्हणून माहिती देण्याचं बंधन गेलं, असं समजू नका. खात्यांची माहिती दोन्ही देशांत आपोआप देवाणघेवाण होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्यानं शेड्युल एफए राहून गेलेल्यांसाठी खास मोहीम काढून मेसेज पाठवले होते. सत्तरीतल्या माणसाला असा मेसेज आला की त्याची झोप उडते. दोनशे डॉलरच्या खात्यापायी ती का उडवायची?

शिवाय एलआरएसखाली, म्हणजे रहिवाशांना परदेशी पैसे नेऊ देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, बाहेर नेलेले आणि न वापरलेले डॉलर कायमचे तिथे पडू देता येत नाहीत, ते १८० दिवसांत परत आणायचे असतात. "राहू दे शिल्लक, पुढच्या वेळी कामी येईल" हा विचार या नियमात बसत नाही.

फॉरेक्स कार्ड आणि नेहमीचं कार्ड

फॉरेक्स कार्डाचा मोठा गुण म्हणजे दर भरतानाच ठरतो. आज इतक्या रुपयांना डॉलर घेतला, आता तो वर जावो की खाली. घरखर्चाची वही ठेवणाऱ्यांना हे फार बरं पडतं. पैसे संपले तर मुंबईतून पुन्हा भरता येतात. हरवलं तर नुकसान त्यातल्या रकमेपुरतं, मागचं बचत खातं सुरक्षित. आणि शेड्युल एफएचा प्रश्न नाही, कारण कार्ड भारतीय बँकेचं आहे.

उणं काय? हे प्रीपेड कार्ड आहे. हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत अडकवायला पुष्कळ ठिकाणी ते नाकारतात. एटीएममधून पैसे काढले की कार्ड देणारी बँक शुल्क घेते आणि ज्या बँकेचं मशीन तीही वर तीन-चार डॉलर लावते.

नेहमीच्या भारतीय क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप (दरावर बँक लावते ते जादा शुल्क) साधारण ३.५ टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,००० डॉलर खर्च केले तर सुमारे ८२ डॉलर नुसते वाट खर्चाचे. आता मार्कअप नसलेली किंवा कमी असलेली कार्डंही मिळतात. निघायच्या महिना-दोन महिने आधी असं एक घेऊन ठेवलं तर फॉरेक्स कार्डाच्या तोडीस तोड स्वस्त पडतं. एकच सांगते: कुठल्याही मशीननं "रुपयांत द्यायचे का डॉलरमध्ये?" असं विचारलं तर डॉलरच निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराकडचा लागतो आणि तो नेहमी महाग असतो.

निघण्याआधी ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार स्वतः सुरू करावे लागतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. पेन्शन खात्यावर साधं रुपे कार्ड असेल तर ते बाहेर चालणार नाही, त्यासाठी रुपे ग्लोबल, व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. ओटीपीसाठी भारतातला नंबर रोमिंगवर जिवंत ठेवणं हेही आलंच.

आता दुकानांत काय होतं ते. कॉस्टको या घाऊक मालाच्या मोठ्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं घेतात. आई-बाबा मास्टरकार्ड घेऊन गेले तर भरलेल्या ट्रॉलीनिशी पैसे शेवटी मुलगाच देतो, आणि जे टाळायचं होतं तेच होतं. पेट्रोल पंपावर मशीन पाच आकडी झिप कोड मागतं. आपला पिन कोड सहा आकडी, तो जुळत नाही आणि कार्ड नाकारलं जातं. अशा वेळी घाबरायचं नाही. आतल्या काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा, "चाळीस डॉलरचं" म्हणायचं आणि तिथे कार्ड द्यायचं. कार्ड तेच, पण तिथे चालतं.

खर्च मोठा असेल तर टीसीएसही, म्हणजे पैसे बाहेर नेताना बँक आधीच कापून घेते तो कर, बघा. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम एलआरएसमध्ये मोजली जाते. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, त्यावरच्या प्रवासखर्चावर २० टक्के. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या यात धरत नाहीत. नोटा मात्र एका फेरीला ३,००० डॉलरपेक्षा जास्त नेता येत नाहीत, आणि नेऊही नयेत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भाजीच्या दुकानात सुटे लागतील, देवळात दक्षिणा लागेल, तेवढ्याला तीन-चारशे डॉलर पुष्कळ झाले.

मुलांच्या कार्डावर आपलं नाव

याला तिथे ऑथराइज्ड यूजर म्हणतात. काही कंपन्या नुसतं नाव आणि जन्मतारीख घेतात, काही सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. कार्डावर बाबांचं नाव छापून येतं, झिप कोड घराचाच असल्यामुळे पंपावर चालतं, मार्कअप नाही. सोयीच्या दृष्टीनं चारही वाटांत ही सर्वांत गुळगुळीत. फक्त बिल मुलाच्या नावानं येतं आणि प्रत्येक खरेदी त्याच्या ॲपमध्ये दिसते. ज्या घरात याचं कुणालाच काही वाटत नाही, तिथे खुशाल घ्या. ज्या घरात सुनेला किंवा जावयाला काय दिसेल याचा विचार आईच्या मनात येतो, तिथे हे कार्ड अडीअडचणीपुरतं ठेवा आणि रोजचा खर्च स्वतःच्या फॉरेक्स कार्डावर करा.

मुलाच्या खात्यात आई-बाबांचं नाव जोडून जॉइंट खातं करण्याचा सल्ला बरेच जण देतात. पत्त्याचा प्रश्न त्यानं सुटतो हे खरं, पण शेड्युल एफए तुमच्या मागे लागतंच, आणि खात्यातल्या सगळ्या पैशावर दोघांचाही हक्क राहतो. मुलावर एखादा दावा झाला तर तुमचे डॉलरही त्यात ओढले जाऊ शकतात. मी तरी ही वाट सुचवणार नाही. (याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. ठाण्यातल्या एफडीवर अमेरिकेत कर भरणाऱ्या मुलाचं नाव दुसरं धारक म्हणून असेल आणि त्याची भारतातली अशी सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील, तर त्याला तिकडे एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. अनेक मुलांना हे ठाऊकच नसतं.)

मग खातं कुणी उघडावं?

नागरिक झालेल्या मुलानं ग्रीन कार्डासाठी अर्ज केलाय आणि ते हातात येतंय, अशा आई-बाबांनी जरूर उघडावं. त्यांना सोशल सिक्युरिटी नंबरही मिळतो आणि खातं रोजच्या जगण्याचा भाग होतं. शिकायला निघालेल्या मुलामुलींनी तर पहिल्याच आठवड्यात उघडावं. भाडं, पगार, फोनचं बिल, काहीच त्यावाचून चालत नाही, आणि विद्यापीठांजवळच्या शाखांना पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठानं दिलेलं प्रवेशपत्र) ही कागदपत्रं रोजची असतात. तिथे घर घेऊन ठेवलेल्या आणि त्याचं भाडं येणाऱ्या पालकांनाही खातं लागेलच. त्यांचं आयटीआर-२ तसंही चुकत नाही.

दरवर्षी पाच-सहा महिने जाणारं जोडपं मधल्या जागेवर आहे. त्यांचा सीए आधीपासून आयटीआर-२ भरत असेल, मुलाच्या फॅमिली प्लॅनवर एक नंबर वर्षभर चालू राहणार असेल आणि किमान शिलकेची अट नसलेलं खातं मिळत असेल, तर उघडायला हरकत नाही. तिन्हींतलं एक जरी नसेल, तर मी थांबायला सांगेन.

बाकी सगळ्यांसाठी: रोजच्या खर्चाला आईच्या नावाचं एक आणि बाबांच्या नावाचं एक अशी दोन वेगळी फॉरेक्स कार्डं, हॉटेलसाठी आणि कॉस्टकोसाठी कमी मार्कअपचं एक व्हिसा क्रेडिट कार्ड, आणि थोड्या नोटा. दोघांची कार्डं वेगळी असावीत हा माझा आग्रह आहे, कारण आई बहुतेक घरांत बाबांच्या कार्डावर अवलंबून असते आणि परदेशात ती दुहेरी परावलंबी होते. दोन्ही पिन निघायच्या आधीच बनवून घ्या आणि आईकडून फॉरेक्स कार्डाचं ॲप दोनदा उघडून, शिल्लक बघून, कार्ड बंद-चालू करून घ्या. परतल्यावर कार्डात उरलेले डॉलर १८० दिवसांच्या आत बँकेकडून रुपयांत करून घ्यायचे. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या फेरीसाठी ठेवता येते, फक्त कार्डाची मुदत कधी संपते आणि न वापरल्याबद्दल काही शुल्क कापतात का, हे त्याच दिवशी बँकेत विचारून घ्या.